तळ हाताला लागेपर्यंत

“तळ लागला?”

डेट्रॉइट नदीवर गाइडच्या नावेत पहिल्यांदा बसलेल्या माणसाला कॅप्टन पहिल्या अर्ध्या तासात हा प्रश्न दहादा विचारतो. मासा लागला का, हे तो विचारत नाही. ते त्याला रॉडच्या टोकावरून दिसतं. तळ मात्र ज्याच्या हातात दोरी आहे त्यालाच कळतो. पाऊण औंसाचा शिशाचा गोळा, त्यात बसवलेला गळ आणि गळावर एखादी छोटी जिवंत मिनो मासळी किंवा जांभळा रबरी किडा, याला इथे ‘जिग’ म्हणतात. जिग सोडायची, दोरी सैल पडली की समजायचं टेकली, लगेच वीतभर उचलायची आणि पुन्हा टेकवायची. दिवसभर एवढंच करायचं असतं. ज्याला तळ लागत नाही, त्याची जिग माशांच्या डोक्यावरून नुसती वाहत जाते.

मी पेण तालुक्यात धरमतर खाडीच्या काठी वाढलो. आमच्याकडे याला गरवणं म्हणतात. माझे वडील संध्याकाळी गरी घेऊन बांधाच्या उघाडीवर बसायचे आणि दोरी तर्जनीवरून सोडून डोळे मिटायचे. त्यांना झोप आली असं मी समजायचो. ते दोरीतून तळ ऐकत होते, हे कळायला मला तीस वर्षं आणि अर्ध्या पृथ्वीचा प्रवास लागला. मोटारींच्या धंद्यात नोकरी मिळून मिशिगनला आलो आणि बऱ्याच वर्षांनी एका एप्रिलमध्ये, बर्फाळ वाऱ्यात, एका अनोळखी कॅप्टनने मला तोच धडा इंग्रजीत दिला. या पुस्तकाची सुरुवात त्या दिवशी झाली. डेट्रॉइट नदीवर गाइडसोबत वॉलआय मासे गरवायला जाणं हा त्याचा विषय आहे. पुढल्या प्रकरणांत अवजारं, गाठी, घाट, नियम असं सगळं येईल. प्रस्तावनेत मला नदी, मासा आणि गाइड या तिघांची ओळख करून द्यायची आहे.

नदी म्हणताना थोडं थांबावं लागतं. ‘डेट्रॉइट’ हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ सामुद्रधुनी. १७०१ मध्ये फ्रेंच अधिकारी कादियाक इथे उतरला तेव्हा फ्रेंचांनी या पाण्याला दिलेलं नावच पुढे शहराला चिकटलं. नाव चुकीचं नाही. ही नदी कुठल्या डोंगरात उगम पावत नाही. वरचं सेंट क्लेअर सरोवर आणि खालचं ईरी सरोवर यांना जोडणारी ही जेमतेम पन्नास किलोमीटरची वाट आहे. पण सुपीरियर, मिशिगन आणि ह्यूरन या तिन्ही महासरोवरांचं पाणी याच वाटेने खाली उतरतं, सेकंदाला सरासरी पाच हजार घनमीटरांहून अधिक. एका काठावर अमेरिका आणि दुसऱ्या काठावर कॅनडा. डेट्रॉइट शहरासमोर नदी असं वळण घेते की तिथे कॅनडा चक्क दक्षिणेला येतो. वरच्या अंगाला बेल आइल बेटाचं उद्यान, मग १९२९ चा अँबॅसडर पूल, मग एकेकाळच्या पोलादाच्या भट्ट्यांचं झग आयलंड, फायटिंग आयलंड, वायनडॉट, ग्रोस ईल आणि तिच्या पश्चिमेने ट्रेन्टन चॅनल. तिथून पुढे नदी पसरते आणि ईरीत मिळते. वॉलआयच्या हंगामात या प्रत्येक टप्प्यावर होड्यांची गर्दी असते.

आता मासा. वॉलआय हा पर्चच्या कुळातला, उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा आहे. ऑलिव्ह-सोनेरी अंग, पांढरं पोट आणि शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका. पलीकडच्या ओंटारिओत त्याला पिकरेल म्हणतात. नावात डोळा आहे, कारण त्या डोळ्यासारखा डोळा क्वचितच पाहायला मिळतो. बुबुळामागे प्रकाश परतवणारा पडदा असतो, मांजराच्या डोळ्यात असतो तसा. अंधुक उजेडात, थोड्या गढूळ पाण्यात, संध्याकाळी आणि पहाटे वॉलआयला त्याच्या भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं आणि तेवढ्या फरकावर तो जगतो. रात्री टॉर्च मारला तर हा डोळा निखाऱ्यासारखा पेटतो. लहानपणी कंदिलाच्या उजेडात टोपलीतल्या जिताड्याचा डोळा असाच चमकलेला मी पाहिला होता. जिताडा आणि वॉलआय यांचं नातं दूरचं आहे. पण पहिला वॉलआय नावेत आला तेव्हा मला तो डोळा आधी ओळखीचा वाटला, मासा नंतर.

वर्षातला बराच काळ हे मासे ईरी सरोवरात असतात. ईरी हे पाच महासरोवरांतलं सर्वांत उथळ, म्हणून लवकर तापणारं आणि माशांनी सर्वांत समृद्ध. बर्फ सुटला आणि पाणी चार-पाच अंश सेल्सिअसवर आलं की त्यांतले मोठाले थवे नदीत चढू लागतात. आधी नर येतात आणि उशिरापर्यंत थांबतात. माद्या नंतर येतात, मोठ्या आणि जड. वॉलआय घरटं करत नाही, पिलांची राखणही करत नाही. पाणी सहा ते नऊ अंशांवर आलं की रात्रीच्या वेळी खडकाळ, रेताड तळावर मादी अंडी सोडून देते. मोठ्या मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. दगडांच्या फटींत जी पडतील ती वाचतात आणि चिखलात पडतील ती गुदमरतात. तळाचा मुद्दा इथेही आलाच. मार्चच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत हे चालतं. आपल्या पंचांगाने सांगायचं तर साधारण पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय किंवा ट्रॉयला राहणाऱ्या मराठी माणसाने दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, हा काळ लक्षात ठेवावा.

आणि गाइड. पैसे घेऊन पाहुण्यांना नदीवर न्यायचं तर तटरक्षक दलाचा परवाना लागतो. जास्तीत जास्त सहा पाहुणे नेता येणाऱ्या या परवान्याला नाववाले ‘सिक्स-पॅक’ म्हणतात. त्यासाठी ३६० दिवस नावेवर काढल्याची नोंद दाखवावी लागते, परीक्षा द्यावी लागते. पण परवान्याने माणूस फक्त कॅप्टन होतो. त्याला आमच्या खाडीवरचा तांडेल व्हायला अख्खं आयुष्य लागतं. तांडेल पाण्याचा रंग बघून बोलतो.

पाण्याचा रंग इथे फार मोठी गोष्ट आहे. वरच्या सेंट क्लेअर सरोवराची सरासरी खोली दोन वावांच्याही आत. त्यावर जोराचा वारा सुटला की तळाची माती उठते आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, नदीत उतरते. मग कालपर्यंत हिरवंनिळं असलेलं पाणी चहासारखं होतं आणि मासा तोंड उघडत नाही. म्हणून कॅप्टन आदल्या रात्री झोपताना उद्याचा वारा पाहत नाही, कालचा आठवतो. गढूळ पाण्याची जीभ एका काठाने उतरत असते तेव्हा दुसऱ्या काठाला स्वच्छ पट्टा उरतो. तो कुठे असेल हे जाणणारा गाइड सकाळी सहाला घाटावरून थेट तिथे जातो, बाकीचे दुपारपर्यंत शोधतात. सरोवरातून सुटलेला बर्फ एप्रिलमध्येही नदी भरून टाकू शकतो. त्या दिवशी चांगला गाइड सकाळीच फोन करून फेरी रद्द करतो.

सगळ्यात अवघड काम मात्र पाहुण्यांच्या लक्षातच येत नाही. प्रवाह माणूस रमतगमत चालतो तितक्या वेगाने वाहतो. नाव प्रवाहाबरोबर वाहू दिली की जिगही तिच्याबरोबर वाहते आणि दोरी उभी राहते. दोरी उभी असली तरच तळ लागतो. पण वारा नावेला ढकलतो, पाण्याखालच्या दोरीला ढकलत नाही. नाव एकीकडे आणि जिग दुसरीकडे जाऊ लागली की दोरी तिरपी होते आणि तळ सुटतो. म्हणून गाइड नाकाडावर उभा राहून विजेच्या छोट्या मोटरने नाव सतत वाऱ्याच्या तोंडाकडे सावरत राहतो, एक क्षण जोर देऊन, एक क्षण सोडून. त्याची नजर त्याच्या स्वतःच्या दोरीवर असते. ती उभी, तर सगळ्यांच्या उभ्या. हे करत असतानाच तो मागून येणाऱ्या मालवाहू जहाजाकडे लक्ष ठेवतो. लोहखनिज वाहणारी इथली सर्वांत मोठी जहाजं तीनशे मीटरांहून अधिक लांबीची आहेत आणि अरुंद मार्गातून जाताना ती चटकन वळू शकत नाहीत, थांबू शकत नाहीत. मी एका सकाळी कॅप्टनला पाच तासांत एकदाही बसलेला पाहिला नाही. त्या दिवशी मला कळलं की आपण पैसे कशाचे देतो.

सगळेच असे नसतात, हेही लिहिलं पाहिजे. माझ्या दुसऱ्या फेरीतला गाइड, ज्याचं नाव मी इथे घेणार नाही, निघताना म्हणाला की दहा वाजेपर्यंत प्रत्येकाचं लिमिट भरून देतो. लिमिट म्हणजे दिवसाला माणशी जेवढे मासे ठेवायला कायद्याने परवानगी आहे तेवढे. ते दहाच्या आधीच भरलं. आमचे रॉड त्यानेच धरले, मासेही त्यानेच ओढले, आम्ही फोटो काढले. नावेतून उतरलो तेव्हा शीतपेटी भरलेली होती आणि मला नदीबद्दल एक अक्षर जास्त कळलेलं नव्हतं. हंगामात अशी जाहिरात पुष्कळ दिसते. माझं मत स्पष्ट आहे: लिमिटची हमी देणाऱ्यापेक्षा ‘तळ लागला का’ विचारणारा गाइड निवडावा. तो निवडताना कोणते प्रश्न विचारावेत यासाठी पुढे एक अख्खं प्रकरण आहे.

जिगिंगखेरीज या नदीची एक स्वतःची रीत आहे, हँडलायनिंग. ट्रेन्टन-वायनडॉटच्या डाउनरिव्हर भागात ती जुन्या लोकांनी जपली आहे. यात रॉड नसतोच. नावेच्या काठाला स्प्रिंगवर चालणारं रीळ बसवतात, त्यावर पोलादी तार, तारेला पौंड-दीड पौंडाचं शिसं आणि शिशाच्या वर कमी-जास्त लांबीच्या दोन-तीन दोऱ्यांना लाकडी किंवा प्लास्टिकचे खोटे मासे. नाव प्रवाहाविरुद्ध हळूहळू चढवत न्यायची आणि तार हातात धरून शिसं तळावर ठोकत राहायचं. पूर्वी या रिळांसाठी ग्रामोफोनच्या स्प्रिंगा वापरत असं जुने लोक सांगतात. हे काम रात्री उत्तम होतं. अंधारात, एका बाजूला कारखान्यांचे दिवे, हातात थरथरती तार आणि प्रत्येक ठोक्याला तळ बदलतोय: आता रेती, आता दगड, आता मऊ चिखल. मी वडिलांच्या सर्वांत जवळ याच नावेत गेलो. हँडलायनिंगला नेणारे गाइड आता थोडे उरलेत. संधी मिळाली तर एक रात्र त्यांच्यासोबत काढा.

आता तळाबद्दल जे मला सर्वांत आधी सांगायचं होतं ते सांगतो. या नदीचा तळ माणसाने मोडला, विषारी केला आणि थोडाफार पुन्हा बांधला. आपण हाताने जे चाचपडतो ते हेच.

मोठी जहाजं जावीत म्हणून नदीत मार्ग खोदले गेले. ॲम्हर्स्टबर्गजवळचा लिव्हिंगस्टोन चॅनल १९१२ मध्ये सुरू झाला. तो चुनखडीच्या खडकातून कापला आहे आणि त्याचा काही भाग तर बांध घालून, पाणी उपसून कोरडा करून खोदला. ज्या दगडांवर मासे अंडी घालायचे ते दगड उचलून बाजूला रचले गेले. मग कारखान्यांचं तेल आलं. १९४८ च्या हिवाळ्यात तेलाने माखून हजारो बदकं मेली, तेव्हा शिकारी मंडळींनी ती मेलेली बदकं गाडीत घालून लॅन्सिंगला नेली आणि राज्याच्या विधानभवनासमोर हिरवळीवर टाकली. मिशिगनमधल्या जलप्रदूषणाविरुद्धच्या लढ्यात हे दृश्य आजही सांगितलं जातं. तरीही १९६० मध्ये तसंच पुन्हा घडलं आणि १९६९ मध्ये डेट्रॉइट नदीला मिळणाऱ्या रूज नदीने पेट घेतला.

वॉलआयवरचा घाव १९७० चा. नॉर्वाल्ड फिमराइट नावाचा नॉर्वेहून आलेला विद्यार्थी पश्चिम ओंटारिओ विद्यापीठात संशोधन करत होता. सेंट क्लेअर सरोवरातल्या माशांत पारा धोकादायक प्रमाणात असल्याचं त्याने दाखवून दिलं. वरच्या सार्नियातल्या आणि इथल्या वायनडॉटमधल्या क्लोरीन बनवणाऱ्या कारखान्यांतून पारा पाण्यात जात होता. तो तळाच्या चिखलात बसला, तिथल्या जिवाणूंनी त्याला शरीरात भिनणाऱ्या रूपात बदललं आणि किड्यांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत चढत तो वॉलआयमध्ये पोचला. सेंट क्लेअर सरोवर, डेट्रॉइट नदी आणि ईरीचा पश्चिम भाग इथे मासेमारीवर बंदी आली. नाववाल्यांच्या एका पिढीचा धंदा एका वसंतात बसला.

पुढे जे झालं ते कुणा एकाच्या हातून झालं नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा झाला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांनी महासरोवरांच्या पाण्याबद्दल करार केला. ईरीभोवतीची चार राज्यं आणि ओंटारिओ प्रांत एकत्र बसून दरवर्षी किती वॉलआय धरायचे ते ठरवू लागले. ही पद्धत १९७० च्या दशकात सुरू झाली आणि आजतागायत चालू आहे. ट्रेन्टनमध्ये काठाला एक खाच होती, तिचं नावच ब्लॅक लगून पडलं होतं. २००४-०५ मध्ये तिथला विषारी गाळ उपसून काढला आणि २००७ मध्ये तिला नवं नाव दिलं. २००१ मध्ये संशोधकांना झग आयलंडजवळ स्टर्जन मासे अंडी घालताना आढळले, तेही जुन्या बोटींतून पडलेल्या दगडी कोळशाच्या राखड्यांवर. चांगला दगडी तळ इतका दुर्मीळ झाला होता की त्यांनी राखड्यांवर भागवलं. मग माणसांनी त्यांच्यासाठी दगड टाकले. २००४ मध्ये बेल आइलला आणि २००८ मध्ये फायटिंग आयलंडला दगडांचे थर रचले गेले. फायटिंग आयलंडच्या नव्या थरावर पुढच्याच वसंतात स्टर्जननी अंडी घातली. व्हाइटफिश मासा तर १९१६ नंतर प्रथमच २००६ मध्ये या नदीत अंडी घालताना सापडला. ईरीतले वॉलआय आता इतके वाढले आहेत की अलीकडच्या काही वर्षांत शास्त्रज्ञांचा अंदाज दहा कोटींच्या आसपास गेला.

म्हणून मला वाटतं, ही भाड्याची नाव नुसती हौस म्हणून पाहू नये. बंदीच्या काळात जन्मलेले कॅप्टन आज त्याच पाण्यात पोट भरतात. नदी बिघडली तर त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं, आणि ते गप्प बसत नाहीत.

खाण्याबद्दल थोडंसं. वॉलआयचं मांस पांढरं, सुटं आणि कमी काट्यांचं असतं. जिताड्याइतकं ते तेलकट नसतं. आमच्या घरी रवा लावून तव्यावर आणि कोकमाच्या कालवणात, दोन्ही होतं. पण पाऱ्याची आणि पीसीबी या कारखान्यांतल्या विषारी रसायनांची गोष्ट संपलेली नाही. मिशिगनचं आरोग्य खातं नदीनिहाय, माशानिहाय किती खावं याची पुस्तिका काढतं, ती वाचूनच शिजवावं. गरोदर बायका आणि मुलं यांच्यासाठी ती जास्त काळजीने पाहावी. मासा जितका मोठा तितका पारा अधिक. मोठी मादी पाण्यात परत सोडायला हे एक कारण पुरे आहे. दुसरं कारण तिच्या पोटात असतं. कायदा ती ठेवायला मना करत नाही, पण चांगले गाइड तिचा फोटो काढू देतात आणि ओल्या हातांनी तिला परत पाण्यात धरतात. मीही तेच करतो आणि वाचकांनीही करावं असं मला मनापासून वाटतं.

व्यवहाराच्या चार गोष्टी इथेच सांगून टाकतो. मिशिगनचा मासेमारी परवाना स्वतःच्या नावावर काढा. नाव नदीच्या मध्यरेषेपलीकडे जाणार असेल तर ओंटारिओचाही लागतो, हे गाइडला आधी विचारा. एप्रिलच्या तारखा जानेवारीतच भरतात. कपडे जानेवारीतलेच घाला, नदीवर वसंत उशिरा येतो. फेरी संपल्यावर पंधरा-वीस टक्के बक्षिसी देण्याची इथे रीत आहे.

या पुस्तकासाठी अनेक कॅप्टनांनी मला नावेत बसवून घेतलं आणि माझ्या प्रश्नांना उत्तरं दिली. आपली नावं छापू नका असं त्यांनी सांगितलं, म्हणून ती नाहीत. त्यांचे आभार मी घाटावर मानले आहेत, इथे पुन्हा मानतो.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक कोरं पान सोडलं आहे. नदीवरून परत आलात की हात धुण्याआधी त्यावर लिहा: तारीख, पाण्याचं तापमान, वारा कुठून होता, पाण्याचा रंग कोणता आणि तळ कसा लागला. किती मासे मिळाले ते शेवटी लिहा.

ट्रेन्टन, मिशिगन
गुढीपाडवा